महाविद्यालयात गेल्यावर मुलांची हालचाल नेमकी कशाने ठरते?

सायंतारा (धागाकर्ती)

नमस्कार. माझी मुलगी ठाण्यातील एका महाविद्यालयात विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकते आणि आम्ही घणसोलीला राहतो. नववीपर्यंत ती शाळेच्या खो-खो संघात होती. दहावीला "एवढे एकच वर्ष" असे म्हणून तिचा सराव आम्हीच थांबवला, आणि त्या एका वर्षाची बघता बघता पाच वर्षे झाली.

गेल्या महिन्यात मी तिच्यासोबत ठाणे स्थानकात उतरले. ट्रान्स-हार्बर लोकलच्या फलाटावरून पुलाचा जिना चढताना ती अर्ध्यावर थांबली, कठड्याला धरून उभी राहिली आणि मागच्या गर्दीला वाट देत "आई, एक मिनिट" म्हणाली. मी पन्नाशीला आलेली, पण मला धाप लागली नव्हती. घरी आल्यावर आळसावर जे काही बोलायचे ते मी बोलून घेतले. तिने वाद घातला नाही. मोबाईलमधील पावलांचा हिशेब उघडून माझ्यासमोर ठेवला. कॉलेजच्या दिवशी आठ ते नऊ हजार पावले, रविवारी बाराशेच्या आसपास. म्हणजे ज्या दिवसांवरून मी तिला बोलत होते त्या दिवशी ती माझ्या दुप्पट चालत होती, आणि ज्या दिवशी मीच तिला "जरा पड" म्हणत होते त्या दिवशी ती उंबऱ्याबाहेर पडलेली नव्हती.

तेव्हापासून माझा गोंधळ झाला आहे. एवढे चालणारी मुलगी सक्रिय म्हणायची की नाही? आणि या वयातील मुलामुलींची हालचाल कशाने वाढते, कशाने कमी होते? "मोबाईल" हे एका शब्दाचे उत्तर मला ठाऊक आहे आणि ते मला पुरेसे वाटत नाही. या विषयाशी ज्यांचा रोजचा संबंध आहे त्यांनी, आणि विशेषतः स्वतः विद्यार्थी असलेल्यांनी, सविस्तर लिहावे ही विनंती.

मणका

सायंतारा, मी वाशीत फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करतो. गोंधळ होणे साहजिक आहे, कारण हालचाल, व्यायाम आणि तंदुरुस्ती या तीन वेगळ्या गोष्टी आपण एकाच शब्दात बसवतो. स्नायूंनी ऊर्जा खर्चून केलेले कोणतेही काम ही शारीरिक हालचाल. त्यात लादी पुसणेही आले आणि गाडी पकडण्यासाठी धावणेही आले. व्यायाम हा त्यातील ठरवून, पुन्हा पुन्हा केलेला भाग. तंदुरुस्ती म्हणजे या सगळ्यातून शरीराने कमावलेली क्षमता. आपल्या मुलीची हालचाल बऱ्यापैकी आहे, व्यायाम जवळजवळ नाही, आणि म्हणून पुलाच्या जिन्यावर तंदुरुस्ती उघडी पडली. जिना चढणे हे सपाटीवरच्या संथ चालण्याच्या कितीतरी पट श्रमाचे काम आहे. (अर्थात धाप पहिल्यांदाच लागलेली असेल तर एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, या वयाच्या मुलींमध्ये रक्तक्षय फार आढळतो आणि आपण त्याला आळस म्हणून मोकळे होतो.)

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोमदार हालचाल करावी, आणि आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे काही करावे. ५ ते १७ या वयोगटासाठी मात्र रोज सरासरी ६० मिनिटे सांगितलेली आहेत. म्हणजे प्रथम वर्षाच्या वर्गात एकाच बाकावर बसलेल्या सतरा आणि अठरा वर्षांच्या दोन मैत्रिणींना वेगवेगळे माप लागते! ही गंमत सोडली तरी त्यातून एक गोष्ट दिसते, ती अशी की ज्या वयात शरीराला अजून मुलासारखे खेळायला हवे असते त्याच वयात आपण त्यांचा खेळाचा तास काढून घेतो.

पूर्वी सलग दहा मिनिटे झाली तरच ती हालचाल मोजावी असे म्हणत. २०२० मध्ये ती अट काढून टाकण्यात आली. त्यामुळे स्थानकाचे जिने, फलाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लगबग, सगळे हिशेबात धरता येते. फक्त वेग हवा. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, एवढा श्वास वाढला तर ती मध्यम हालचाल. ठाणे स्थानकातल्या पुलावर सायंकाळी साडेसहाला आपण चालत नसतो, सरकत असतो. ती पावले मोबाईल मोजतो, हृदय फारशी मोजत नाही.

जुना ठाणेकर

एवढे शास्त्र कशाला हवे हे मला कळत नाही. आम्ही चरईतून कॉलेजला चालत जात होतो, दुपारी मैदानावर असायचो आणि रविवारी येऊरला. कोणी आम्हाला १५० मिनिटे मोजून दिली नव्हती. आजच्या मुलांना घरापासून नाक्यापर्यंत रिक्षा लागते, जिम लावून द्यावी लागते, तिथेही ती आरशात फोटो काढतात. इच्छा असली की मार्ग निघतो. नसली की कारणे निघतात. एवढेच मला म्हणायचे आहे.

पाचवे सत्र

काका, आपल्या म्हणण्याचा राग नाही, पण इच्छेचा आणि वेळेचा हिशेब वेगवेगळा मांडावा लागेल. मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात आहे आणि ऐरोलीत तिघांत एक खोली घेऊन राहतो. पावणेनऊला पहिले लेक्चर, सव्वापाचला प्रॅक्टिकल सुटते. ७५ टक्के हजेरी भरली नाही तर डिफॉल्टर यादीत नाव लागते, त्यामुळे मधला तास सोडून मैदानावर जाणे शक्य नसते. संध्याकाळी जर्नल लिहायचे असते, सबमिशनच्या आठवड्यात तर रात्री दोन वाजतात. ज्या तासाला आपण मैदानावर असायचा तो तास आमच्या वेळापत्रकात कोणीतरी आधीच भरून ठेवलेला आहे.

तरीही मी मान्य करतो की वेळ हे संपूर्ण कारण नाही, कारण रोज रात्री तासभर मोबाईलसाठी आम्हाला सापडतोच. त्याबद्दल माझा स्वतःचा अनुभव सांगतो. गेल्या वर्षी जानेवारीत मी आणि माझ्या खोलीतल्या मित्राने तीन महिन्यांचे पैसे भरून जिम लावली. तो सकाळी सहाला उठायचा आणि माझे पांघरूण ओढायचा. त्याच्यामुळे मी सलग पाच आठवडे गेलो. मग तो इंटर्नशिपसाठी पुण्याला गेला. जिम तीच, पैसे भरलेले, माझी वेळही तीच, आणि तरी त्यानंतर मी मोजून चार वेळा गेलो असेन. माझ्यात बदललेले काहीच नव्हते, पांघरूण ओढणारा तेवढा गेला होता.

दुसरी गोष्ट टर्फची. नवी मुंबईत आता जागोजागी हिरवे टर्फ (भाड्याने मिळणारी कृत्रिम गवताची मैदाने) झाले आहेत आणि आमच्या वर्गाचा त्यासाठी गट आहे. पैसे वाटून घेतले तरी महिन्यातून दोनदाच परवडते, आणि तेही रात्री अकराला. पण माझे निरीक्षण पैशाबद्दलचे नाही. पहिल्या वेळी अठरा जण आले होते. ज्यांना बॅट धरता येत होती त्यांनाच फलंदाजी मिळाली, उरलेले जाळीजवळ उभे राहिले. तिसऱ्या वेळेपासून दहाच जण येतात. न येणारे आठ जण आळशी आहेत असे सगळे म्हणतात. मी त्या आठांपैकीच एक आहे.

मणका

पाचवे सत्र, आपण नकळत या विषयातल्या दोन मोठ्या सिद्धान्तांचा गाभा लिहून गेलात. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली मांडलेली कल्पना अशी की एखादे काम आपल्याला जमेल हा विश्वास असेल तरच माणूस त्या कामात टिकतो. जाळीजवळ उभे केलेल्या मुलाला आपण हाच विश्वास नाकारतो. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी पुढे म्हटले की कोणतीही कृती आतून व्हायची तर तिन्ही गोष्टी लागतात: ती आपण स्वतः निवडलेली असावी, ती जमते आहे असे वाटावे, आणि तिच्यात आपली माणसे असावीत. वजन कमी करायचे, दंड दिसायला हवेत, या हेतूने सुरुवात जोरात होते. टिकतात ती मात्र त्या खेळाची गोडी लागलेली मुले. माझ्याकडे येणाऱ्या तरुणांत जानेवारीत खांदा दुखावून येणारे आणि एप्रिलमध्ये जिमचे नावही न काढणारे बहुधा एकच असतात.

चुन्याची रेघ

मी तीस वर्षे महाविद्यालयांत शारीरिक शिक्षणाचे काम केले आणि चार वर्षांपूर्वी निवृत्त झालो. आता संध्याकाळी हौसेने मुलींचा खो-खो घेतो. या चर्चेत एक गोष्ट राहते आहे म्हणून लिहितो.

शाळेत पीटीचा तास सगळ्यांचा असतो. ज्याला खेळता येत नाही तोही ओळीत उभा राहतो, दोन फेऱ्या मारतो, घाम गाळतो. अकरावी-बारावीला आरोग्य व शारीरिक शिक्षण हा विषय कागदावर सक्तीचा आहे आणि श्रेणीही मिळते. प्रत्यक्षात तो तास बहुतेक ठिकाणी प्रवेश परीक्षेच्या तयारीत विरघळतो. पदवीला आले की सगळ्यांसाठी असलेले काहीच उरत नाही. उरतो तो जिमखाना, आणि जिमखाना संघांसाठी असतो. ऑगस्टमध्ये निवड चाचणीची सूचना फलकावर लागते, दोन हजार विद्यार्थ्यांतून दीडशे येतात, त्यांतून पन्नास-साठ जणांचे निरनिराळे संघ होतात. माझ्या सेवेतील बहुतांश वेळ त्या साठांवर गेला. बाकीच्या एकोणीसशे चाळीस जणांसाठी मी काय केले असे कोणी विचारले तर मला वार्षिक क्रीडादिनापलीकडे फारसे सांगता येणार नाही. त्यात अर्धी दोषाची बाजू व्यवस्थेची, अर्धी माझी. चषक कपाटात दिसतात, चालायला लागलेली मुले कपाटात ठेवता येत नाहीत.

आता ऋतूंचे पाहा. आपल्याकडे सत्र सुरू होते तेच मुळी पावसात. जून ते सप्टेंबर ठाण्याच्या मातीच्या मैदानात घोटाभर चिखल असतो. विद्यार्थी नवा, उत्साह नवा, आणि मैदान बंद. पाऊस सरून माती हाताशी येते तेव्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या परीक्षा उभ्या असतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हे आपल्याकडचे खेळाचे खरे दिवस. ते महोत्सव, प्रकल्प आणि औद्योगिक भेटींत जातात. मार्चपासून ऊन आणि घाम, एप्रिलला पुन्हा परीक्षा. एखाद्याने मुद्दाम ठरवून आखले असते तरी खेळाच्या इतके विरुद्ध वेळापत्रक आखता आले नसते. थंड हवेच्या देशांतल्या अभ्यासांत हिवाळ्यात हालचाल घटते असे वाचायला मिळते. आपल्याकडे त्या जागी पाऊस घालून वाचावे.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात सहशालेय उपक्रमांना श्रेयांक (क्रेडिट) आले आहेत आणि त्यांत क्रीडा, योग, एनसीसी, राष्ट्रीय सेवा योजना हे पर्याय असतात. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास काम करावे लागते, आणि श्रमदानाच्या शिबिरात कुदळ मारलेला मुलगा किती दमतो हे मी पाहिले आहे. श्रेयांकांमुळे नवी मुले मैदानावर येऊ लागली हे खरे. श्रेयांक मिळाल्यावर ती थांबतात का, हे मला अजून पुरते दिसलेले नाही. सक्तीने आलेल्यांपैकी काहींना गोडी लागते, एवढे मात्र अनुभवाने सांगू शकतो. पण पहिले तीन आठवडे त्यांना स्पर्धेत उतरवू नये. नुसते पळू द्यावे, पडू द्यावे, हसू द्यावे.

निळी छत्री

इथवर "मुले" हा शब्द सगळ्यांनी मुलग्यांसाठीच वापरला आहे असे वाटले, म्हणून लिहिते. मी कोपरखैरण्याची आहे, शिक्षण संपून तीन वर्षे झाली.

मुलींच्या बाबतीत प्रश्न इच्छेचा नसतो, परतीचा असतो. सराव साडेपाचला सुटला तर सव्वासहाची गाडी, सातला घर. सराव साडेसहाला सुटला तर घरी पोहोचेपर्यंत आठ, आणि वाटेत तीन वेळा "कुठे आहेस?" असा फोन. भाऊ रात्री अकराला टर्फवर जातो तेव्हा त्याला एकदाच विचारले जाते आणि तेही किल्ली नेलीस का, एवढेच. माझ्या स्थानकापासून घरापर्यंतचा रस्ता चालत अठरा मिनिटांचा. उजेडी मी तो चालत असे. अंधार पडल्यावर शेअर रिक्षा. कारण त्या रस्त्यावर सलग दोन खांबांचे दिवे बंद होते आणि पदपथ खोदून ठेवलेला होता. म्हणजे माझी रोजची अठरा मिनिटे दोन दिव्यांवर अवलंबून होती.

त्याशिवाय ज्या गोष्टी कोणत्याच प्रश्नावलीत नीट येत नाहीत त्या सांगते. कपडे बदलायला जागा नसणे. मैदानाजवळच्या स्वच्छतागृहाला कडी नसणे. पाळीच्या दिवसांत प्रशिक्षक पुरुष असल्याने "आज नको" एवढेही न सांगता येणे आणि मग त्या दिवशी न जाणे, आणि एकदा खंड पडला की पुढे न जाणे. वाशीच्या सागर विहारला किंवा नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईला पहाटे पाहा: चालणाऱ्या बायका भरपूर दिसतील, पण बहुतेक चाळिशीपुढच्या. विशीतली मुलगी एकटी धावताना दिसली की लोक वळून पाहतात, आणि तिला ते कळते. पाम बीच रस्त्याला मी एकदाच पळाले.

सायंतारा, तुमच्या मुलीची रविवारची बाराशे पावलेही एकदा नीट पाहा. आमच्या घरी रविवारी मोबाईल चार्जिंगला असायचा आणि मी स्वयंपाकघरात.

आकडेमोड

निळी छत्री यांचे शेवटचे वाक्य हा मोजमापाचा सर्वांत दुखरा भाग आहे. मी संख्याशास्त्र शिकवतो आणि दरवर्षी प्रकल्पासाठी दोन-तीन विद्यार्थी हाच विषय घेऊन येतात, त्यामुळे थोडे लिहितो.

अशा अभ्यासांत बहुधा दोन प्रश्नावली वापरतात. एक गेल्या सात दिवसांत किती वेळ जोमदार, किती वेळ मध्यम हालचाल केली, किती चाललात आणि किती वेळ बसून होता असे विचारते. दुसरी, जागतिक आरोग्य संघटनेची, काम, प्रवास आणि विरंगुळा असे तीन कप्पे करते, आणि तिच्या "काम" या कप्प्यात घरकामही येते. पण विद्यार्थिनीला "तू काही काम करतेस का?" असे विचारले की ती "नाही, शिकते" असे सांगते आणि तिने भरलेल्या पाण्याच्या बादल्या हिशेबातून निसटतात. याउलट जिमला जाणारे मुलगे दीड तास व्यायाम लिहितात. त्यातला उपकरण रिकामे होण्याची वाट पाहण्याचा वेळ ते वजा करत नाहीत. स्वतः सांगितलेली हालचाल यंत्राने मोजलेल्या हालचालीपेक्षा बऱ्याचदा जास्त भरते हे पुष्कळ वेळा दिसून आलेले आहे. यंत्रही सर्वज्ञ नाही. कबड्डी खेळणारा विद्यार्थी मोबाईल पिशवीत ठेवून मैदानात उतरतो आणि पावलांच्या हिशेबात तो त्या दिवसाचा सर्वांत सुस्त माणूस ठरतो.

दहा हजार पावलांचा जो आकडा सर्वांच्या तोंडी आहे तो कोणत्या वैद्यकीय शोधातून आलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमोजणी यंत्राचे नावच "दहा हजार पावलांचे यंत्र" अशा अर्थाचे होते.

स्त्री-पुरुषांतील फरकाबद्दल म्हणाल तर २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेसे सक्रिय नव्हते. स्त्रियांत हे प्रमाण ५७ टक्के आणि पुरुषांत ४२ टक्के होते. जगाची सरासरी ३१ टक्के. हे आकडे सर्व प्रौढांचे आहेत, केवळ विद्यार्थ्यांचे नाहीत, हे ध्यानात ठेवावे. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत मी आणखी एक सावधगिरी बाळगायला सांगतो. "सक्रिय विद्यार्थ्यांना गुण जास्त" असे आढळले तर खेळामुळे गुण वाढले असे लगेच लिहू नये. ज्याच्या घरी वेगळी खोली आहे, दोन स्थानकांवर कॉलेज आहे आणि नोकरी करावी लागत नाही, त्याला अभ्यासालाही वेळ मिळतो आणि खेळायलाही.

दुसरी पाळी

"नोकरी करावी लागत नाही" हे वाचून थांबलो. मी कळव्याचा, वाणिज्य शाखेच्या तिसऱ्या वर्षात. सात ते अकरा कॉलेज, बारा ते नऊ एका मॉलमधल्या कपड्यांच्या दुकानात. तिथे विक्रेत्याने बसायचे नाही असा नियम आहे, त्यामुळे नऊ तास उभा असतो, कोठारातून खोकी आणतो, ट्रायल रूममधले कपडे घड्या घालून परत लावतो. गेल्या वर्षी कॉलेजात एका शिबिरात पाहुण्यांनी विचारले, "रोज अर्धा तास व्यायाम कोण करतो?" माझा हात वर गेला नाही. त्यांनी हात न वर करणाऱ्यांकडे पाहून बैठ्या जीवनशैलीचे दुष्परिणाम सांगितले. मी तेव्हा बसायला मिळाले म्हणून खूश होतो.

मणका यांना एक विचारायचे आहे. माझे हे उभे राहणे मोजतात का? टाचा रात्री ठणकतात म्हणून विचारतो.

मणका

मनापासून लिहिलेत. खोकी उचलणे, जिने चढउतार करणे हे नक्की मोजतात. नुसते उभे राहण्यात मात्र बसण्यापेक्षा थोडीच जास्त ऊर्जा लागते, त्यामुळे हृदयाला त्याचा लाभ फारसा नाही आणि टाचांना, पोटऱ्यांना त्रास पुरेपूर आहे. तुम्हाला धावायला सांगणारा मी नाही. तासातून एकदा दोन्ही टाचा वर उचलून दहा-पंधरा वेळा खाली करा, पोटरी ताणा, आणि बुटांचा तळ दाबला गेला असेल तर आधी ते बदला. रात्री बाटलीत पाणी गोठवून ती पायाखाली पाच मिनिटे फिरवा. महिनाभरात उतार पडला नाही तर दाखवून घ्या.

थर

माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. आमच्या वस्तीत, वागळे इस्टेटच्या बाजूला, गोविंदा पथक आहे. गुरुपौर्णिमेला नारळ फोडून सराव सुरू होतो तो दहीहंडीपर्यंत, म्हणजे ऐन पावसात, रात्री नऊ ते साडेअकरा, पत्र्याच्या शेडखाली. आमच्यात निम्मे कॉलेजचे आहेत. यांच्यापैकी एकालाही सकाळी धाव म्हटले तर धावणार नाही. पण सरावाला खाडा केला तर दुसऱ्या दिवशी तोंड दाखवायची चोरी होते, कारण पायाचा एक माणूस कमी असला तर पाचवा थर लागत नाही. दंड-बैठका, खांद्यावर माणूस घेऊन उठणे, पडणाऱ्याला झेलणे हे सगळे दीड महिना रोज चालते. कोणी त्याला व्यायाम म्हणत नाही. गेल्या दोन वर्षांपासून मुलींचेही पथक उभे राहते आहे, आणि त्यांच्या घरून परवानगी मिळते ती पथकातल्या काकू त्यांना दारापर्यंत सोडतात म्हणून.

२०१२ साली ठाण्यात लागलेल्या नऊ थरांची नोंद गिनीज बुकात झाली होती, हे इथल्या पोरांना तोंडपाठ आहे. धोका आहे हे मला मान्य आहे, माझा स्वतःचा मनगटाचा सांधा त्याची साक्ष देतो. मी थरांचे समर्थन करायला आलेलो नाही. वेळ नाही, जागा नाही, पाऊस आहे, पैसे नाहीत, या चारही गोष्टी आमच्या बाबतीतही खऱ्या आहेत, आणि तरी पोरे येतात. का येतात याचा विचार व्हावा. दहीहंडी झाली की मात्र दुसऱ्या दिवसापासून सगळे पुन्हा नाक्यावर बसतात, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

जुना ठाणेकर

थर यांचे लिखाण वाचून मला आमचे मैदान आठवले. तिथेही कोणी व्यायामाला जात नव्हते. सगळे तिथे असायचे म्हणून आपण जायचो. ते मैदान आता नाही, त्या जागी इमारत आहे, आणि खरे सांगायचे तर त्याच इमारतीत मी राहतो. आमच्या आवारात वाहने लावल्यावर जी जागा उरते तिथे "चेंडू खेळण्यास मनाई" अशी पाटी आहे. ती लावण्याच्या ठरावावर माझीही सही आहे. मोबाईलबद्दलचे माझे मत मी सोडत नाही, पण पहिल्या प्रतिसादातील "एवढेच" हा शब्द मागे घेतो.

आकडेमोड

जुना ठाणेकर, "पूर्वी खेळलो होतो" यावरून एक जुना अभ्यास आठवला. राल्फ पॅफेनबार्गर या अमेरिकन संशोधकांनी हार्वर्ड विद्यापीठाच्या जवळपास १७ हजार माजी विद्यार्थ्यांची अनेक वर्षे पाहणी केली. महाविद्यालयात असताना संघात खेळलेल्या पण नंतर बैठे झालेल्यांना त्या जुन्या खेळाचे संरक्षण उरले नव्हते, आणि विद्यार्थिदशेत कधी न खेळलेले पण पुढे हालचाल सुरू केलेले लोक हृदयविकारापासून अधिक सुरक्षित होते. ते सगळे पुरुष होते आणि परदेशी होते, त्यामुळे जसेच्या तसे इथे लावता येणार नाही. पण सायंतारा यांच्या मुलीची मधली पाच वर्षे गेली म्हणून सगळे गेले असे समजण्याचे कारण नाही, एवढे त्यातून नक्की निघते.

सायंतारा (धागाकर्ती)

सर्वांचे आभार. निळी छत्री यांचा प्रतिसाद मुलीला वाचायला दिला. तिने फक्त "हं" म्हटले आणि मग सांगितले की प्रथम वर्षाला तिने खो-खोच्या चाचणीला नाव दिले होते. चाचणी संध्याकाळी सहाला होती आणि मीच फोन करून पावसाचे कारण सांगून तिला लवकर बोलावून घेतले होते. मला ते आठवतही नाही. हिमोग्लोबिन तपासले, ९.८ आले आहे. गोळ्या सुरू केल्या आहेत.

चुन्याची रेघ यांना विचारायचे आहे: आपल्याकडे संघात नसलेल्या, वय एकोणीस, पाच वर्षांचा खंड पडलेल्या मुलीला येऊ देतात का? तिचे प्रॅक्टिकल मंगळवारी आणि गुरुवारी पाच वाजून दहा मिनिटांपर्यंत असते, इतर दिवशी ती तीनला मोकळी होते. आणि बूट कोणते घ्यावेत?

चुन्याची रेघ

येऊ द्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार साडेतीन ते पाच. पाचला मी मैदान सोडतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मुली दिवा आणि मुंब्र्याहून येतात आणि त्यांना उजेडी घर गाठायचे असते. हिमोग्लोबिन अकराच्या वर जाईपर्यंत तिला पाठलाग देणार नाही, चौकात बसून उठण्याचा आणि खो देण्याचाच सराव घेईन. तिच्या डॉक्टरांना तेवढे विचारून ठेवा. सध्या पाऊस असल्याने आम्ही सभागृहात मॅटवर असतो, मॅटवर बूट लागतात. पातळ तळाचे, न घसरणारे, साधे कॅनव्हासचे चालतील. जाड टाचेचे धावण्याचे बूट नकोत, त्यांनी खुंटाशी वळताना घोटा मुरगळतो. नवे घेण्याची घाई करू नका. दसऱ्यानंतर मातीवर आलो की सगळ्या अनवाणीच खेळतात.